झिरो लाईनमन

दिवाळी आटोपली की यवतमाळच्या शिवारात दोन कामे एकदमच अंगावर येतात. कापूस वेचणीला आलेला असतो आणि हरभरा-गव्हाच्या ओलितासाठी विहिरींवरच्या मोटारी सुरू होतात. त्याच पंधरवड्यात डीपीवरचे फ्यूज उडायला लागतात. रोहित्र हा शब्द सरकारी पत्रातला. शिवारात त्याला डीपीच म्हणतात. रात्री अकराच्या सुमारास तीनपैकी एक फेज जातो, मोटार नुसती गुरगुरते आणि गरम होते. अशा वेळी शेतकरी ज्याला फोन लावतो तो बहुतेकदा वीज कंपनीचा माणूस नसतो. तो गावातला वायरमन असतो. "भाऊ, पाह्य ना जरा, लाईनमन फोन नाही उचलून राह्यला."

हा वायरमन म्हणजे घरांची फिटिंग करणारा, मोटार भरणारा, स्टार्टर दुरुस्त करणारा माणूस. कायद्याने त्याची हद्द मीटरच्या अलीकडे संपते. मीटर, सर्व्हिस वायर, खांब, तारा, डीपी हे सगळे महावितरणचे. पण त्या फोननंतर तो पकड आणि टॉर्च घेऊन मीटरच्या पलीकडे जातो. डीपीचा स्विच खाली करतो, फ्यूज बांधतो, वेळ पडली तर खांबावर चढून जम्पर जोडतो. अशा माणसाला झिरो लाईनमन म्हणतात. हजेरीपटावर त्याचे नाव नाही, पगारपत्रकावर नाही, विम्याच्या यादीत नाही. वर्तमानपत्रात हा शब्द येतो तो बहुतेक वेळा त्याच्या मरणाच्या बातमीत.

ग्रामीण वीजपुरवठ्याचा शेवटचा अर्धा किलोमीटर आज या माणसाच्या जिवावर चालतो, असे माझे स्पष्ट मत आहे. तो कुणाचा नोकर नसल्यामुळे त्याचा खर्च कुठल्याही हिशेबात दिसत नाही, आणि खर्च दिसत नाही म्हणून सगळे ठीक चालले आहे असे वाटते. आता घरोघरी सौर पॅनल, बॅटऱ्या आणि जनरेटर येत आहेत. तारेत वीज एकाच बाजूने येते हे गृहीत धरून जी सवय इतकी वर्षे निभावली, ती पुढच्या काळात निभावणार नाही.

आधी हद्दीचा प्रश्न नीट समजून घेऊ. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ४५ वा नियम होता: वीजजोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराने, परवानाधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परमिट असलेल्या वायरमननेच करायचे. ते नियम जाऊन २०१० साली आणि पुन्हा २०२३ साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आले, तरी हे तत्त्व कायम आहे. नवे मीटर घेताना टेस्ट रिपोर्ट लागतो तो याचसाठी. ठेकेदाराने मेगर लावून इन्सुलेशन तपासायचे, अर्थिंग तपासायचे, आणि हे घर वीज घ्यायला सुरक्षित आहे असे लिहून सही करायची. म्हणजे घराच्या आत काही झाले तर बोट त्याच्याकडे वळते. जबाबदारी स्पष्ट आहे, आणि तशी असायलाही हवी.

पण या सहीसोबत अधिकार मात्र काहीच येत नाही. अर्ज ऑनलाइन भरून झाला, टेस्ट रिपोर्ट जोडला, की पुढे काय चालले आहे हे ग्राहक वायरमनलाच विचारतो. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ४३ ने अर्जानंतर एक महिन्यात जोडणी देणे बंधनकारक केले. केंद्राच्या २०२० च्या ग्राहक हक्क नियमांनी मुदती आणखी नेमक्या केल्या, आणि २०२४ च्या दुरुस्तीने त्या महानगरांत ३ दिवस, नगरपालिका क्षेत्रात ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवसांवर आणल्या. मात्र लाईन वाढवायची असेल तर ही मुदत लागू होत नाही, आणि खेड्यात नवे घर बांधले जाते ते गावठाणाच्या टोकाला. एक-दोन खांब टाकावेच लागतात. मग पाहणी, अंदाजपत्रक, मंजुरी, कोटेशन, ते भरल्यावर साहित्याची वाट. शेतीपंपांच्या बाबतीत तर पैसे भरून रांगेत उभ्या असलेल्यांना 'पेड पेंडिंग' असे नावच पडले. विदर्भात अनुशेषाच्या चर्चेत हा शब्द वर्षानुवर्षे ऐकू येतो. घरात दिवा का लागत नाही याचा जाब या सगळ्या काळात वायरमनला विचारला जातो, कारण हाताशी तोच असतो. कोणत्या टेबलावर कागद आहे हे त्याला माहीत नसते आणि ते सांगायला कुणी बांधील नसते.

याचा परिणाम त्या सहीवरही झाला आहे, आणि ही गोष्ट या व्यवसायातल्या लोकांनी स्वतःहून मान्य केली पाहिजे. टेस्ट रिपोर्ट ही तपासणी राहिली नाही, ती कागदपत्रांच्या यादीतली एक ओळ झाली. घर न पाहता, मेगर न लावता सही देणारे ठेकेदार आहेत. काम एकाचे, परवाना दुसऱ्याचा, सही तिसऱ्या गावात, असेही चालते. काम कितीही चोख केले तरी जोडणी आपल्या हातात नाही, आणि कागद नुसता जोडला तरी तो चालून जातो, हे एकदा कळले की मेगर पेटीत पडून राहतो. ज्या घराचे अर्थिंग कुणी मोजलेच नाही त्या घरातली बाई ओल्या हाताने कूलरला स्पर्श करते तेव्हा त्या रिकाम्या सहीची किंमत कळते.

आता पलीकडच्या बाजूला जाऊ. खेड्यातल्या वायरमनला सर्वांत जास्त बोलणी खावी लागतात ती न्यूट्रलच्या बिघाडामुळे, आणि हा बिघाड त्याच्या हद्दीतला कधीच नसतो. डीपीतून तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा निघतात. प्रत्येक घराला एक फेज आणि न्यूट्रल मिळतो, तेव्हा घरात २३० व्होल्टच्या आसपास दाब असतो. दोन फेजमधला दाब मात्र ४०० व्होल्टच्या वर असतो. डीपीजवळ न्यूट्रलची तार तुटली किंवा तिचा जोड सैल झाला, तर सगळी घरे एकमेकांशी साखळीसारखी जोडली जातात आणि तो ४०० व्होल्टचा दाब त्यांच्यात भारानुसार वाटला जातो. ज्या फेजवर भार जास्त तिथला दाब पडतो, दिवे मिणमिणतात. ज्या फेजवर भार कमी तिथला दाब तीनशेच्या वर जातो. एक बल्ब, एक पंखा आणि हप्त्यावर घेतलेला टीव्ही असलेल्या घरातला तो टीव्ही जळतो. धूर येतो, आणि पहिला प्रश्न असतो: "फिटिंग कोणी केली?"

वायरमन मीटरजवळ दाब मोजून पाहतो. त्याला आकडा दिसतो, कारणही समजते. पण न्यूट्रल जोडायला डीपीची पेटी उघडावी लागते आणि ती उघडण्याचा त्याला अधिकार नाही. तो १९१२ या तक्रार क्रमांकावर फोन करून नोंद करायला सांगतो. न्यूट्रलचा बिघाड सांगायला साधा नसतो. पुरवठा बंद नसतो, वीज असते. फक्त ती चुकीची असते. 'लाईट गेली' म्हटले की नोंद होते. 'लाईट जास्त येते' हे सांगताना शेतकऱ्याची जीभ अडखळते. दुरुस्तीला माणूस येईपर्यंत आणखी दोन घरांची उपकरणे जातात.

यवतमाळच्या काळ्या जमिनीने हा प्रश्न अधिक अवघड केला आहे. कापसाला मानवणारी ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या फुगण्या-आकसण्याने खांब कलतात, तारा ढिल्या पडतात, वाऱ्यात एकमेकींना घासतात. आणि अर्थिंगसाठी पुरलेल्या सळईपासून माती सुटते. मे महिन्यात डीपीच्या अर्थिंगचा मातीशी संपर्क कितपत उरतो हे मोजायला हवे. मीठ-कोळसा भरून, पाणी घालून खड्डा जिवंत ठेवावा लागतो. हे काम वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर व्हायला हवे. ते झाले नाही तर न्यूट्रल तुटल्यावर जमिनीचा जो शेवटचा आधार असतो तोही राहत नाही.

आणि फ्यूज. डीपीखालच्या पेटीत ठरावीक जाडीची फ्यूज वायर असायला हवी. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ॲल्युमिनियमच्या तारेचे पदर गुंडाळलेले दिसतात. हे कोणी केले? कधी थकलेल्या लाईनमनने, पुष्कळदा आपल्या झिरो लाईनमनने, कारण रात्रीत तीनदा फोन आला आणि चौथ्यांदा यायचे नव्हते. फ्यूज वारंवार का उडतो तेही पाहायला हवे. शंभर केव्हीएच्या डीपीची क्षमता साधारण १४० अँपिअरच्या आत असते. पाच अश्वशक्तीची मोटार चालताना सुमारे सात अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. रात्री झोपमोड नको म्हणून शेतकऱ्यांनी ऑटोस्विच बसवून घेतले. लाईन आली की डीपीवरच्या पंधरा-वीस मोटारी एकाच क्षणी उठतात आणि डीपीवर पाचशे ते आठशे अँपिअरचा धक्का बसतो. ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण दर रब्बीत करते, आणि ते आवाहन रास्त आहे. हे ऑटोस्विच बसवले कुणी? गावातल्या वायरमननेच. शेतकऱ्याने मागितले, त्याने दीड तासात लावून दिले. त्यामुळे उडालेला फ्यूज बांधायला रात्री तोच गेला, आणि पुन्हा उडू नये म्हणून त्यानेच जाड तार घातली. वादळात तार तुटून बांधावर पडते तेव्हा तो जाड फ्यूज उडत नाही. कोरड्या मातीवर पडलेल्या तारेतून जाणारा प्रवाह इतका कमी असतो की योग्य फ्यूजही उडेलच अशी खात्री नसते. जाड तार असली तर आशाच सोडावी. सकाळी बैल घेऊन निघालेल्या माणसाला ती तार गवतात दिसत नाही.

खांबावर चढण्याची रीत कागदावर अतिशय काटेकोर आहे, आणि ती तशी का आहे हे प्रत्येक अपघात सांगतो. उपकेंद्रातल्या यंत्रचालकाकडून परमिट घ्यायचे, फीडर बंद करून घ्यायचा, जागेवरचा एबी स्विच उघडून त्याला कुलूप घालायचे, टेस्टरने तार मेली आहे याची खात्री करायची. मग काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग रॉड टाकून तार जमिनीशी बांधायची. हातमोजे, हेल्मेट, कमरेचा पट्टा. त्यानंतरच हात लावायचा. ज्याने परमिट घेतले त्यानेच ते परत केल्याशिवाय लाईन सुरू करायची नाही.

झिरो लाईनमनच्या बाबतीत यातले काय उरते? एक फोन. "बंद केली आहे, चढ." परमिट त्याच्या नावावर निघू शकत नाही, कारण तो कुणीच नाही. ते लाईनमनच्या नावावर असते किंवा नसतेच. लाईनमन दुसऱ्या गावात असतो. अर्थिंग रॉड वायरमनच्या पेटीत नसतो. अकरा हजार व्होल्टला चालणारे तपासलेले हातमोजे तर नाहीच. त्याच्याकडे असतो तो बंद-चालूच्या शब्दावरचा विश्वास.

हा विश्वास नेमका कुठे फसतो ते अपघातांत पुन्हा पुन्हा दिसते. गावठाणाचा आणि शेतीचा फीडर वेगळा केला तेव्हा गावाला चोवीस तास वीज मिळण्याची सोय झाली, ती चांगलीच गोष्ट होती. पण काही जागी दोन फीडरच्या तारा एकाच खांबावरून जातात किंवा एकमेकींना ओलांडतात. यंत्रचालक शेतीचा फीडर बंद करतो, वर चढलेला माणूस दोन्ही बंद आहेत असे समजतो. दुसरी फसगत नावांची. एका गावाच्या दोन डीपी, दोन्हींना शेतमालकांच्या आडनावांनी ओळखतात, फोनवर आडनाव चुकीचे ऐकू येते. तिसरी सर्वांत घातक: दुसऱ्याने लाईन सुरू करणे. ज्याला माणूस वर आहे हे माहीतच नाही तो तक्रारी वाढल्या म्हणून फीडर चालू करतो. परमिटाची कागदी पद्धत या तिन्ही फसगती टाळण्यासाठीच बनली आहे. ती ज्याला मिळत नाही त्याच्यासाठी तिन्ही दरवाजे उघडे राहतात.

यात लाईनमनला दोषी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. २००५ च्या जूनमध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण वेगळी झाली. आज तिचे ग्राहक तीन कोटींच्या घरात आहेत. यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर, तालुके १६. पुसद-उमरखेडच्या डोंगरवाटा, झरी जामणीचे जंगल, वर्धा आणि पैनगंगेच्या काठची शिवारे. एका लाईनमनकडे अनेक गावे असतात आणि लाईन जंगलातून जाते. सागाची फांदी पडली तर ती नेमकी कोणत्या खांबावर आहे हे पायी चालून शोधावे लागते. दिवसा त्याच्याकडून थकीत बिलांची वसुली अपेक्षित असते. मार्च जवळ आला की लाईनची देखभाल मागे पडते आणि जोडण्या तोडण्याचे काम पुढे येते. ज्याची जोडणी दुपारी तोडली त्याच्याच शेजारच्या डीपीवर रात्री एकट्याने जायचे, ही भीतीही खरी आहे. अनेक ठिकाणी तो माणूस कंत्राटी आहे. कायम होण्याच्या वाटेवरचा विद्युत सहायकही पहिली वर्षे मानधनावर काढतो. स्वतःचे काम दुसऱ्याकडून करून घेण्याचा मोह कुठून येतो हे समजते. पण तो दुसऱ्याचा जीव आहे.

राज्य सरकारला ही पोकळी दिसली नव्हती असे नाही. २०१६ साली तीन हजारांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावांसाठी ग्राम विद्युत व्यवस्थापक नेमण्याची योजना आली. आयटीआय झालेला स्थानिक तरुण, नेमणूक ग्रामपंचायतीमार्फत, काम वीज कंपनीचे: मीटर वाचन, बिलवाटप, फ्यूज बांधणे, रस्त्यावरचे दिवे. कल्पना योग्य होती. तिने निदान हे कबूल केले की गावात चोवीस तास हाताशी असणारा माणूस लागतो. पण नेमणाऱ्याला वीज कळत नाही आणि वीज कळणाऱ्याचा तो नोकर नाही, अशा मधल्या जागी तो तरुण उभा राहिला. मोबदला इतका तुटपुंजा की चांगला हात असलेला मुलगा पुसदला किंवा नागपूरला साइटवर जातो.

रात्रीच्या ओलिताबद्दल थोडे वेगळे लिहिले पाहिजे. शेतीला आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज, अशी पाळी वर्षानुवर्षे चालली. राळेगाव-पांढरकवडा भागात टी-१ वाघिणीच्या नावावर तेरा माणसांचे बळी नोंदले गेले आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली गेली. त्या काळात शेतकरी रात्री पाणी द्यायला कसे जात होते हे या जिल्ह्याने पाहिले. शेतकऱ्याबरोबर त्या अंधारात वायरमनही जात होता, ही गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनीची योजना आली, तिचे स्वागतच करायला हवे. याच अंधारातून दुसरे एक काम वायरमनच्या गळ्यात पडते. रानडुकरे आणि रोही पीक उद्ध्वस्त करतात, म्हणून कुंपणाच्या तारेत थेट लाईनचा प्रवाह सोडून दे, अशी मागणी होते. झटका मशीन वेगळे. ते क्षणभर झटका देते आणि जीव घेत नाही. थेट लाईन सोडलेल्या कुंपणाने वाघ मेले आहेत, शेजारचे शेतकरी मेले आहेत, स्वतः शेतमालकही मेले आहेत. हे काम नाकारणारे वायरमन आहेत, आणि त्यापायी गिऱ्हाईक तोडून बसलेलेही आहेत. त्यांच्या नकाराची नोंद व्हायला हवी.

अपघात झाल्यावर काय होते? वीज कायद्याच्या कलम १६१ प्रमाणे जीवघेण्या अपघाताची खबर २४ तासांत विद्युत निरीक्षकाला द्यावी लागते आणि चौकशी होते. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश विद्युत मंडळाच्या खटल्यात निर्णय दिला. रात्री पाण्यात पडलेल्या जिवंत तारेवरून जाणारा सायकलस्वार मेला होता. तार दुसऱ्या कुणी चोरीसाठी ओढली होती असा मंडळाचा बचाव होता. विजेसारखी धोकादायक गोष्ट पुरवणाऱ्यावर निष्काळजीपणा सिद्ध न होताही जबाबदारी राहते, असे न्यायालयाने ठरवले. रस्त्याने जाणाऱ्यासाठी हे मोठे संरक्षण आहे. खांबावर मेलेल्या झिरो लाईनमनच्या घरच्यांना मात्र पहिलाच प्रश्न असा येतो की, तो वर गेलाच कशाला? त्याला कुणी चढवले याचा कागद नसतो. असतो तो मोबाइलमधला कॉल, आणि कॉलमध्ये काय बोलणे झाले ते त्यातला एकच माणूस सांगू शकतो, जो जिवंत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०१९, २०२० आणि २०२१ या तिन्ही वर्षांत देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी बारा हजारांहून अधिक माणसे मेली. त्या गर्दीत आपल्या जिल्ह्यातले हे मरण कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

इथपर्यंतचे सगळे जुने आहे. नवे काय ते सांगतो. आजवर वायरमन एक गोष्ट मनाशी धरून चढायचा: डीपी बंद म्हणजे तार मेली. पण लग्नाच्या मांडवातला किंवा पिठाच्या गिरणीतला जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय थेट बोर्डाला जोडला, तर त्याची वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते. ती डीपीपर्यंत पोहोचली की डीपी उलटी चालते: खालून २३० व्होल्ट शिरले की वरच्या बाजूला हजारो व्होल्ट तयार होतात. दूरच्या खांबावर काम करणाऱ्याच्या दृष्टीने लाईन बंदच असते. याला रिटर्न सप्लाय म्हणतात, आणि अनुभवी लाईनमनही त्याने मेले आहेत. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, तीन किलोवॉटसाठी ७८ हजार रुपयांचे अनुदान आहे, आणि छपरावरचे पॅनल गावागावांत दिसू लागले आहेत. दर्जेदार ग्रिड इन्व्हर्टर लाईन गेली की स्वतःला बंद करतो. तसे त्याने करावे असा नियमच आहे. पण त्याच छपरावर उद्या बॅटरी येईल, स्वस्तातला हायब्रिड इन्व्हर्टर येईल, एखादा कुणीतरी घरीच जोडलेला संच येईल. एका डीपीवर एक जनरेटर असणे आणि वीस घरांत वीज तयार होणे यात फार अंतर आहे. अर्थिंग रॉड न टाकता तारेला हात लावणे ही यापुढे चूक म्हणून पाहता येणार नाही. तो जवळजवळ ठरलेला मृत्यू असेल.

या नव्या साहित्याची जोडणी नोंदणीकृत पुरवठादार करतात. सौर पंपांच्या योजनेत पाच वर्षे देखभालीची जबाबदारीही पुरवठादाराचीच आहे. पंप बंद पडला की शेतकरी गावातल्या वायरमनलाच बोलावतो, आणि त्याने पेटी उघडली तर हमी जाते. जबाबदारी त्याच्या दारात, अधिकार दुसऱ्याकडे, हाच जुना प्रकार आता छपरावर आणि शेतात पुन्हा उभा राहतो आहे. जाणकार हात गावात असून त्याला या नव्या विद्येपासून दूर ठेवले, तर तो ती अंधारात, चुकत चुकत शिकेल.

उपाय फार मोठे नाहीत, म्हणून ते टळत राहतात. परमिटधारक वायरमनची शाखा कार्यालयनिहाय यादी कंपनीकडे असावी. ज्यांना लाईनचे काम द्यायचे त्यांना लेखी, मोबदल्यासह, विम्यासह द्यावे आणि परमिट त्यांच्याच नावाने निघावे. ज्यांना द्यायचे नाही त्यांना तोंडी सांगून चढवणाऱ्यावर कारवाई व्हावी. मधला रस्ता ठेवू नये. न्यूट्रल आणि जादा दाब यांच्या तक्रारीला पुरवठा खंडित होण्यापेक्षा वरचा क्रम मिळावा, कारण तिथे उपकरणच नव्हे, जीवही जातो. मार्च-एप्रिलमध्ये डीपीच्या अर्थिंगची मोजणी होऊन आकडा डीपीवरच रंगवला जावा. जनरेटर आणि छपरावरच्या संचांची नोंद डीपीनिहाय उपकेंद्रात असावी, म्हणजे परमिट देणाऱ्याला कळेल की या तारेला दुसऱ्या बाजूनेही वीज येऊ शकते. ग्रामीण भागात जळालेली डीपी ४८ तासांत बदलण्याचे मानक राज्य वीज नियामक आयोगाने ठरवले आहे आणि ते मोडले तर भरपाईची तरतूद आहे. ही भरपाई मागण्याची वाट, ग्राहक तक्रार निवारण मंचापासून नागपूरच्या विद्युत लोकपालापर्यंत, वायरमनने गिऱ्हाइकाला दाखवली पाहिजे. अर्ज भरून देणे हेही त्याचेच काम समजावे. खांबावर चढण्यापेक्षा त्याचा गावाला जास्त उपयोग आहे.

हे सगळे होईपर्यंत पुढचा रब्बी येईल आणि फोन येईल. आयटीआयमधून वायरमनचा ट्रेड करून नुकताच गावी परतलेला, विशी-बाविशीचा मुलगा तो उचलेल. पलीकडून कुणीतरी सांगेल, बंद केली आहे, चढ. त्याने विचारायचे: कोणता फीडर, परमिट कुणाच्या नावावर, नंबर काय, रॉड कुठे आहेत, या डीपीवर जनरेटर किंवा सोलर कुणाकडे आहे? उत्तर आले नाही तर त्या रात्री हरभरा कोरडा राहू द्यावा. तो दोन दिवस तग धरतो.